सा सोडून

शनिवारी गिरणी साडेआठला बंद होते.
खैरमोडे पट्टा उतरवतात, जातं झाडतात
आणि चाळण्यांच्या मागून बेस काढतात.
त्याच्या खुंट्यांत बसलेलं पीठ दर वेळी फुंकतात,
दर वेळी थोडं उरतं.
ड्रमवर अ‍ॅग्नेलो, दिवसा दातांच्या कवळ्या करतो.
आणि मी. विक्रोळीतल्याच सहकारी बँकेत रोखपाल, वय त्रेपन्न.
गिटार भाच्याची,
तो कॅनडाला गेला तेव्हा कपाटावर राहिलेली.

सुरुवातीला मी सगळं वाजवायचे.
सहाच्या सहा तारा, पहिलं बोट आडवं दाबून,
संध्याकाळी रोकड जुळलीच पाहिजे, तशी.
अंगठ्याच्या मुळाशी कळ यायची
आणि तरी एक तार थडथडायचीच.

तिसऱ्या शनिवारी खैरमोडे मधेच थांबले.
"मॅडम, तुम्ही माझ्या ताटातलं जेवताय."
माझ्या गिटारीच्या दोन जाड तारांवर
त्यांनी खाकी चिकटपट्टी लावली, गोणीला लावतात ती.
"सा माझा. तुम्ही ग घ्या आणि कोमल नी. बास."

चौथी तार तिसऱ्या पडद्यावर,
तिसरी तार चौथ्या.
(वाचताना गोंधळ होतो, बोटांना होत नाही.)
मग दोन्ही बोटं तशीच एक पडदा मागे.
गंमत अशी, की सरकताना
ज्या बोटाखाली नी होता त्याखाली ग येतो,
ज्याखाली ग होता त्याखाली नी,
आणि बोटांना पत्ताही नसतो.
मग मूळ जागेहून एक पडदा पुढे.
संपलं. बारा घरं, तीन जागा, दोन बोटं.

घरी एकटीनं वाजवलं तर नुसतं भांडण वाटतं.
पलीकडून पोंक्षेबाईंनी भिंत ठोकली.
त्यांचं बरोबर होतं,
खालचा सा त्यांना कुठून ऐकू येणार?

उजव्या तळहाताची कड तारांवर,
दूध उतू जाऊ नये म्हणून
झाकण तिरकं ठेवतो तेवढीच.
वाजवायचं दोनवर आणि चारवर.
एकवर गप्प.
एकवर गप्प राहायला मला सात महिने लागले.

मे महिन्यात खैरमोडे शिडीवरून पडले.
डावं मनगट, कोपरापर्यंत प्लास्टर.
तरी शनिवारी येऊन गोणीवर बसले.
अ‍ॅग्नेलो म्हणाला, काढ ना ती पट्टी,
आज तूच वाजव सगळं.
मी नख घातलं. एक कोपरा सुटला,
पिठानं डिंक केव्हाच मेलेला.
खैरमोडे माझ्याकडे बघत नव्हते.
दरांची पाटी वाचत होते,
गहू, ज्वारी, बाजरी, भाजणी,
स्वतःच्याच अक्षरातली.

मग उठले
आणि उजव्या हातानं खटका ओढला.

पट्टा नाही, दळण नाही,
नुसती मोटर.
पत्र्याचा गाळा, तागाच्या गोण्या, माझ्या खुर्चीचे पाय,
सगळं एका सुरात घरघरायला लागलं.
"जी आहे," ते म्हणाले. "किंचित चढा. तुम्ही चढवून घ्या."
मी तारा पिळल्या.
सुटलेला कोपरा अंगठ्यानं परत दाबला.

पहिली चार घरं छान गेली.
पाचव्यात मी मागे सरकले, मोटर होती तिथंच,
चाललं, तिथं ती पंचम झाली.
नवव्यात पुढे सरकले आणि खुपली,
दाताखाली कच यावी तशी.
मी खैरमोड्यांकडे पाहिलं.
त्यांनी मान हलवली: खुपू दे.

अकराव्या घरात दारात एक पोरगा,
बनियनवर, हातात स्टीलचा डबा.
"काका, गिरणी चालू आहे?"
खैरमोड्यांनी प्लास्टरचा हात वर केला, थांब.
पोरगा थांबला. डबा मांडीवर घेऊन
पायरीवरच बसला.
अ‍ॅग्नेलोनं शेवटची थाप मारली, मी बोटं उचलली,
मोटर चालूच.

"काय आहे?"
"बाजरी. पाच किलो."
पट्टा चढवायला एक हात कमी पडत होता.
मी गिटार भिंतीला टेकवली.